सुट्टीवरून आल्यावर कामात पुन्हा रुळायला तुम्ही नेमकं काय करता?

मेघमल्हार
नमस्कार मंडळी. भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला लागले आणि सोमवारपासून कामावर जायचंय. मी कुपवाड एमआयडीसीत एका कंपनीत डिस्पॅचचं, म्हणजे माल पाठवायचं बघते: मालाचं चलन, ई-वे बिल (मालवाहतुकीचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र), गाड्या लावणं, ट्रान्सपोर्टवाल्यांचे फोन. दरवर्षी बघते, माझंही आणि बाकीच्यांचंही, सुट्टीवरून आल्यावर पहिले काही दिवस माणूस खुर्चीत असतो पण लक्ष ठिकाणावर नसतं. चलनावरचा गाडी नंबर परत परत वाचावा लागतो. समोरचा बोलतोय ते ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही. आमच्याकडे यावर 'काय, सुट्टी अंगात मुरली वाटतं' म्हणून हसतात आणि विषय संपतो. मला तो हसण्यावारी न्यायचा नाहीये. हा आळस नव्हे असं माझं ठाम मत आहे, आळशी माणसाला त्रास होत नसतो, आम्हाला होतो.

तर शाळा, दवाखाना, शेती, बँक, आयटी, जिथं कुठं असाल तिथं परत आलेल्या माणसाला रुळायला वेळ देतात का? आणि तुम्ही स्वतः काय करता? 'पॉझिटिव्ह राहा' छापाचं नको, खरोखर जे करता ते लिहा.

मिरज_जंक्शन
सोमवारी जॉइन होऊच नका. गुरुवारी व्हा. दोन दिवस ढकलले की शनिवार.

आवकजावक
मिरज_जंक्शन +१. आम्हा सरकारीवाल्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झालाय त्यामुळे गुरुवारचा हिशोब एकदम बरोबर बसतो. पण ताई, टपाल काही गुरुवारची वाट बघत नाही. रजेवरून आलं की टेबलावर फायलींचा ढीग आणि प्रत्येकीवर 'तातडीचे'. मी पहिल्या दिवशी एकही फाईल उघडत नाही, फक्त तीन गठ्ठे करतो. उत्तराची तारीख उलटून गेलेल्या, या आठवड्यात उलटणाऱ्या आणि बाकीच्या. दुपारपर्यंत एवढंच. साहेबांना पहिला गठ्ठा नेऊन दाखवतो, यातलं आधी काय घेऊ विचारतो. तेवढ्यानं छातीवरचं ओझं निम्मं होतं.

भट्टीवाला
ताई, मी फाउंड्रीत मेल्टिंगला आहे. दिवाळीला आमची भट्टी पूर्ण बंद असते. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी, थंड झाली की आतल्या लायनिंगला (अस्तराला) बारीक चिरा पडतात. परत चालू करताना पहिल्याच हीटला (घाण्याला) फुल पॉवर दिली तर वितळलेला रस त्या चिरांत घुसतो, आणि तो कॉइलच्या पाण्यापर्यंत पोचला तर स्फोट. म्हणून थंड भट्टी सावकाश तापवायची, चिरा मिटू द्यायच्या आणि मग पॉवर वाढवायची. त्याआधी लायनिंग डोळ्यांनी बघायचं, कूलिंगचं पाणी फिरतंय का बघायचं. यार्डातल्या स्क्रॅपवर सुट्टीत पाऊस पडून गेला असेल तर तो माल बाजूला काढायचा, कारण ओलं स्क्रॅप रसात पडलं की रस अंगावर उसळतो. हे सगळं लिहून भिंतीवर लावलंय. सुट्टीवरून येणाऱ्या माणसासाठी मात्र भिंतीवर एक ओळ नाही, याचं मला लई वाईट वाटतं.

म्हणून माझ्या शिफ्टपुरतं मी ठरवलंय. पहिल्या दिवशी लॅडलपाशी (रस ओतायच्या भांड्यापाशी) कुणी एकटा उभा राहणार नाही, जोडीनंच. आणि आमच्याकडची बिहार-यूपीची पोरं छठ करून येतात, छठ दिवाळीनंतर सहाव्या दिवशी असते, मग तिकिटं मिळत नाहीत, जनरल डब्यात उभ्यानं प्रवास करून पोरं मिरजेला उतरतात. त्यांना उतरल्या दिवशी रात्रपाळी लावत नाही. आधी झोप, मग काम. वरून विचारणा होते, मी सांगतो हात भाजला तर कोण भरून देणार.

रातपाळी
भट्टीवालेदादा, तुमच्या शिफ्टमधल्या पोरांचं नशीब चांगलं.
मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. मिरजेत डॉ. वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलपासून दवाखान्यांची परंपरा, त्यामुळे घरटी एक तरी आमच्या लायनीतलं असतं आणि सगळ्यांना माहिती आहे की आमच्यात 'परवा आल्यावर बघू' चालत नाही. रजेवरून आलेल्या सिस्टरला वॉर्डातला एकही पेशंट ओळखीचा नसतो. त्यामुळे हँडओव्हर कागद वाचून घ्यायचा नाही, कॉटजवळ उभं राहून घ्यायचा. जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर दोघी एकेका कॉटपाशी थांबतात. सलाईन कुठलं चाललंय, लघवी किती झाली, अॅलर्जी कशाची, रात्री काय त्रास झाला, घरचं माणूस कोण आहे. पेशंट स्वतः मधेच बोलतो, 'सिस्टर, ते इंजेक्शन काल बंद केलं ना', आणि नेमकं तेच कागदावर राहिलेलं असतं.
मी रजेवरून आले की पहिल्या ड्युटीला इंजेक्शनं काढताना दुसऱ्या सिस्टरला शेजारी उभी करते. तिनं नाव आणि डोस मोठ्यानं वाचायचा, मी अँप्युल दाखवायची. यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही.

मेघमल्हार
आवकजावक, तीन गठ्ठ्यांची पद्धत मी नक्की उचलणार. आणि सिस्टर, मोठ्यानं वाचून दाखवायचं आमच्या चलनांनाही लागू पडतंय की. ई-वे बिलात गाडी नंबर चुकला आणि वाटेत गाडी अडली तर दंडापर्यंत जातं.

द्राक्षबाग_तासगाव
सगळं वाचलं. मला एक पटंना, रागावू नका. सुट्टी, रजा, जॉइनिंग ही सगळी पगारी माणसाची भाषा आहे. आमची द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी दसरा-दिवाळीच्याच तोंडाला येते. तुम्ही फराळ करताय तेव्हा आम्ही पाठीवर पंप नाहीतर ट्रॅक्टरवर ब्लोअर घेऊन बागेत असतोय. फुलोऱ्यात पाऊस आला आणि एक फवारणी चुकली तर दावण्या रोग घड खाऊन टाकतोय. छाटणीपासून माल निघेपर्यंत चार महिने पाहुण्याच्या लग्नालासुद्धा घरातनं एकच जण जातोय. आमच्यात सुट्टीवरनं आल्यावर काय, हा प्रश्नच पडत नाही कारण सुट्टीच नाही.

भाजणी
दादा, पडत नाही कसा? तुमच्याकडे लग्नाला जो एक जण जातो तो परत येतो तेव्हा काय होतं ते सांगा की. आणि घरातल्या बायका कधी माहेरी जातात, परत आल्यावर त्यांचं काय होतं तेही लिहा.

आता माझं. मेघमल्हारताई, नोकरीवर परत जाणं ही अर्धी गोष्ट झाली. बाईचं दुसरं ऑफिस घरात असतं आणि ते आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. बॅगा उघडल्या की धुण्याचा डोंगर, फ्रीजमध्ये काही नाही, दूध सांगायचंय, मुलांचे युनिफॉर्म, चकलीचे डबे घासायचे, आणि सकाळी सहाला चार डबे भरायचे. सोमवारी ऑफिसात डोकं चालत नाही याचं कारण रविवारी रात्री बारापर्यंत आपण ओट्यापाशी उभ्या असतो हेही आहे, ते कुणी मोजतच नाही. मी घरात स्पष्ट सांगितलंय की आल्या दिवशी वॉशिंग मशीन नवऱ्याकडे आणि बॅगा ज्याच्या त्याच्याकडे. पहिल्या सकाळी डब्याला थालीपीठ. भाजणी माहेरहून येतेच, कांदा-कोथिंबीर घालून मळली की झालं, भाजी चिरत बसायचं नाही. सासूबाई पहिल्यांदा काहीतरी बोलल्या, आता त्याच लोणी काढून ठेवतात.

मेघमल्हार
भाजणीताई, अगदी अगदी. हे वाचताना डोळ्यांत पाणी आलं. मी याच दोन्ही गोष्टी एकत्र धरून 'माझंच लक्ष लागत नाही' म्हणत होते.

द्राक्षबाग_तासगाव
भाजणीताई, बरोबर बोलला. कारभारीण माहेरास्नं आली की त्याच सांजेला धारा काढायला बसती. वाचून गप झालो.
तुम्ही विचारलं म्हणून सांगतो. आषाढीला मी वारीत चालतोय. तेव्हा बागेचं काम त्यातल्या त्यात हलकं असतंय, धाकटा भाऊ बघतोय. परत आल्यावर पहिल्या दिवशी हातात कात्रीपण घेत नाही आणि पंपपण नाही. नुसता बागेतनं एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत फिरतोय, प्रत्येक ओळीतनं. पान उलटं करून बघायचं, काडी पिकलीय का नखानं बघायचं, ठिबकचा कुठला ड्रीपर तुंबलाय बघायचं. भाऊ संगं चालतोय आणि मधल्या काळात काय काय केलं ते सांगतोय. आल्या आल्या काम काढलं तर भावानं केलेलं परत करून ठेवतोय माणूस.

रातपाळी
दादा, तुमचं हे म्हणजे आमचं कॉटजवळचं हँडओव्हरच झालं.

खंबाटकी_पार
मी साताऱ्याचा, नोकरी पुण्यात आयटीत. पहिला मुद्दा प्रवासाचा. रविवारी संध्याकाळी साताऱ्यातून निघायचं म्हणजे आनेवाडीपासून रांग, मग खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूर, एरवी अडीच तासांचा रस्ता आणि घरी पोचायला रात्रीचे अकरा. त्यापेक्षा शनिवारी रात्री या, रविवार आपल्या घरात काढा. आईला वाईट वाटतं, तिला समजावून सांगा.

दुसरं, सुट्टी संपायची तारीख ऑटो रिप्लायमध्ये एक दिवस पुढची टाका. तुम्ही मंगळवारी येताय असं जगाला वाटतं, तुम्ही सोमवारी शांतपणे बसता. तिसरं म्हणजे मेल उलटे वाचा, सगळ्यात नवीन आधी. निम्म्या भानगडी तुमच्याशिवाय मिटलेल्या असतात, जुन्यापासून सुरू केलं तर मिटलेल्या भांडणावर आपण उत्तर लिहीत बसतो. व्हॉट्सअॅप ग्रुपचं तसं होत नाही, तिथं सरळ लिहा की 'मी आज आलोय, माझ्यासाठी काही राहिलं असेल तर पुन्हा पाठवा'. ज्याला गरज आहे तो पाठवतो.

मिरज_जंक्शन
आणि ऑफिसला पेढे न्यायला विसरू नका. साताऱ्याहून येऊन कंदी पेढे न आणणाऱ्याला आमच्याकडे कुणी चार्जरसुद्धा देत नाही.

आवकजावक
पेढे कशाला, सांगलीचं भडंग न्या. पेढा एक खाल्ला की संपला, भडंग टेबलावर ठेवलं की दुपारपर्यंत अख्खं ऑफिस येऊन गप्पा मारून जातं, सगळ्या बातम्या कळतात.

खंबाटकी_पार
भडंग साताऱ्यातही मिळतं हो. कंदी पेढा सांगलीत तसा मिळतो का ते सांगा.

मिरज_जंक्शन
झालं, आता धागा शंभरी गाठतोय.

कासची_वाट
पेढे-भडंगसाठी वेगळा धागा काढा बघू. मूळ विषय महत्त्वाचा आहे.
मी जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमची मोठी सुट्टी उन्हाळ्याची, शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि आमच्याकडे तोवर पाऊस लागलेला असतो. जावळीतली निम्मी घरं मुंबईवर चालतात. मे महिन्यात मुंबईकर गावी येतात, यात्रा होतात, घरं भरतात, मुलांना बाबा महिनाभर मिळतात. जूनमध्ये ते परत जातात आणि त्याच आठवड्यात शाळा सुरू होते. पहिल्या दिवशी फुलं देऊन स्वागत करतो, पुस्तकं वाटतो, फोटो निघतात, पण वर्गात बसलेलं मूल खिडकीबाहेर बघत असतं. त्याला 'लक्ष दे' म्हणून ओरडणं मला जमत नाही.

एप्रिलमध्ये फाडफाड भागाकार करणारी मुलं जूनमध्ये हातचा कुठं लिहायचा विचारतात. आधी वाटायचं सगळं विसरली. तसं नसतं. जुनीच, येणारी गणितं दिली की हात आपोआप चालायला लागतो. म्हणून पहिला आठवडा नवीन धडा नाही. गेल्या वर्षीची उदाहरणं, पाढे, मी मोठ्यानं गोष्ट वाचायची, आणि रोज दोन-तीन मुलांनी सुट्टीत काय केलं ते उभं राहून सांगायचं. बाबांबद्दल बोलून झालं की मूल शांत बसतं, हे मी डोळ्यांनी बघते. मोठ्यांचंही असंच असावं. ताई, सोमवारी नवीन काही हातात घेऊ नका, जे झोपेतही येतं ते आधी करा.

विश्रामबाग
कासची_वाट यांचा प्रतिसाद फार आवडला. मी मानसशास्त्र शिकवते म्हणून थोडी भर घालते. नेदरलँड्समध्ये जेसिका द ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मोठ्या सुट्टीवर जाणाऱ्या नोकरदारांचा सुट्टीआधी, सुट्टीत आणि नंतर असा अभ्यास केला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना सर्वात छान वाटलं ते सुट्टीच्या आठव्या दिवसाच्या आसपास, आणि कामावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात ते पहिल्यासारखे झाले. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की एकच लांबलचक सुट्टी जपून ठेवण्यापेक्षा वर्षातून अधूनमधून छोट्या घ्या, आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात संध्याकाळी काम घरी आणू नका.
शिवाय अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं ब्लूमा झाइगार्निक यांना १९२७ च्या प्रयोगांत आढळलं होतं; ते डोक्यात घोळत राहतं. ते पूर्ण करणं शक्य नसेल तर 'कधी आणि कसं करणार' एवढं लिहून ठेवलं तरी ते घोळणं कमी होतं, हे नंतरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे ताई, सुट्टीवर जायच्या आदल्या दिवशी लिहिलेला कागद परत आल्यावर जास्त उपयोगी पडतो.

बेदाणा_सौदा
मॅडम, हेच तर आमचं झिरो पेमेंट! मी मार्केट यार्डात अडत दुकानात जमाखर्च लिहितो. बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. दिवाळीच्या सुमाराला बेदाण्याचे सौदे काही आठवडे बंद ठेवतात, तासगावातही आणि सांगलीतही. माल कोल्ड स्टोरेजला पडून असतो, शेतकरी विचारत असतो, तरी सौदा नाही. त्या काळात खरेदीदारानं अडत्याचं आणि अडत्यानं शेतकऱ्याचं, ज्याचं त्याचं देणं मिटवायचं. बाकी शून्य झाली की मगच नवे सौदे निघतात. त्याआधीचे दिवस आम्हाला जेवायला फुरसत नसते, प्रत्येक पार्टीचा उतारा काढायचा, फोन करायचे, टॅली जुळवायची. पण सौदे परत सुरू होतात त्या सकाळी वहीचं पान कोरं असतं, मागचं काही डोक्यात नसतं. परत येणं सोपं करायचं असेल तर जायच्या आधीचा आठवडा कसून घालवावा लागतो.

भट्टीवाला
एक नंबर. सुट्टीवर जायच्या आधी झिरो पेमेंट. आमच्या नोटीस बोर्डावर लिहितो.

नटबोल्ट
माझं छोटं वर्कशॉप आहे, दहा-बारा माणसं. मालकाची बाजूही ऐका. झिरो पेमेंट ऐकायला छान आहे पण माझ्याकडे एका कामाला एकच माणूस. डिस्पॅचवाला सुट्टीवर गेला की ई-वे बिलाचा पासवर्ड त्याच्याकडे, कुठल्या पार्टीला कुठला ट्रान्सपोर्ट चालतो ते त्याच्या डोक्यात. मग मी सुट्टीत फोन करणारच. त्याला त्रास द्यायची हौस नाही, गाडी दारात उभी असते.

हजेरीपट
नटबोल्टसाहेब, अडचण खरी आहे. मी एचआर बघतो. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे, त्यात वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे १ दिवस भरपगारी रजा आहे, ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, वर ८ किरकोळ रजा. तुमच्या वर्कशॉपला नेमके कुठले नियम लागतात ते बघावं लागेल, पण रजा तर माणूस घेणारच. म्हणजे तुमचा माणूस वर्षातून काही दिवस नसणार हे आधीपासून ठरलेलं आहे. मग त्याची तयारी हे कामच धरा. सुट्टीत रोज फोन गेला तर तो ना सुट्टीवर ना कामावर, आणि परत येतो तो थकलेलाच. मेघमल्हारताई म्हणतात तसं लक्ष न लागणं मी अशाच माणसांत जास्त बघितलंय.

मेघमल्हार
आज जाऊन आले. सकाळी खुर्चीत बसायच्या आधी डिस्पॅचमधल्या दादांना घेऊन यार्डात फिरले, कुठली गाडी कशासाठी उभी आहे ते त्यांच्या तोंडून ऐकलं. मग गठ्ठे केले. दुपारनंतर नेहमीच्या पार्ट्यांची चलनं काढली, नंबर मोठ्यानं वाचून. नवीन पार्टीचं बुधवारी घेते असं सरांना सांगितलं, ते बरं म्हणाले. डब्यात थालीपीठ होतं. आणि हो, कंदी पेढेही नेले होते.

आवकजावक
छान ताई. भडंग पुढच्या वेळी.

नटबोल्ट
हजेरीपट, तुमचा मुद्दा मनावर घेतलाय. आमच्या डिस्पॅचवाल्याच्या बहिणीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. स्टोअरमधल्या पोराला उद्यापासून त्याच्या शेजारी बसवतो. पासवर्डची वही माझ्या ड्रॉवरमध्ये राहील. पार्ट्यांची आणि ट्रान्सपोर्टची यादी त्याच्याकडून लिहून घेतो. अजून काय?

रातपाळी
यादी त्या पोरानंच लिहू दे, तुमच्या माणसानं सांगायचं. लिहिणाऱ्यालाच शंका येतात.

भट्टीवाला
आणि नुसतं शेजारी बसवून भागत नाही. एक-दोन गाड्या त्या पोराच्याच हातून भरून बाहेर काढा, चलनापासून ई-वे बिलापर्यंत. तुमचा माणूस मागं हात बांधून उभा राहील आणि विचारलं तरच बोलेल. हे लग्नाच्या आधी करा, मांडवात फोन करायची वेळ येत नाही.